म्युझस्कोअर स्टुडिओ ४ मधला प्लेबॅक टेम्पो, समूहगानाच्या तालमीसाठी वर्षभर वापरून लिहितेय

डोंबिवलीत आमचा समूहगानाचा ग्रुप आहे, सतरा जणी, तीन आवाज, आम्ही त्यांना वरचा मधला आणि खालचा असंच म्हणतो. सगळ्या नोकरी नाहीतर घर सांभाळून येणाऱ्या, तालीम आठवड्यातून एकदाच, त्यामुळे खरं पाठांतर होतं ते लोकलमधे, कानात इअरफोन घालून. म्हणजे प्रत्येकीच्या मोबाइलवर तिच्या आवाजाची ऑडिओ फाइल पाहिजे, आणि ती फाइल बरोब्बर लयीत पाहिजे, कारण चुकीच्या लयीत पाठ झालेलं गाणं सोडवायला नवीन गाणं बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हा रिव्ह्यू त्या एकाच कामाबद्दल आहे. म्युझस्कोअर म्हणजे कॉम्प्युटरवर गाण्याचं नोटेशन, म्हणजे स्वरलेखन, लिहायचं आणि ते वाजवून ऐकायचं सॉफ्टवेअर. त्यात लिहिलेलं गाणं वाजवताना त्याची लय कशी ठरवायची, कमीजास्त कशी करायची, शेवटी हळू कशी करायची. बाकी स्लर कसा काढायचा, पान कसं सजवायचं यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी त्यात जात नाही.

आधी आम्ही काय करायचो ते सांगते म्हणजे मी एवढी खूश का आहे ते कळेल. दोन वर्षांपूर्वी एका स्टुडिओत आम्ही कीबोर्डवर तिन्ही आवाजांचे ट्रॅक करून घेतले होते. छान वाजवले होते, पण लय थोडी चढी होती, हे आम्हाला तालमीत बसल्यावर कळलं, आणि फक्त लय उतरवून द्या म्हटल्यावर पुन्हा पूर्ण सेशनचे पैसे सांगितले गेले. मग एकीनं ती फाइल मोबाइलवर स्लो करून ऐकायला सुरुवात केली, पण रेकॉर्ड झालेला आवाज ताणला की तो चिकट होतो, स्वराची सुरुवात पसरते, आणि नेमका स्वर कधी लागला तेच समजत नाही. यूट्यूबवर अर्ध्या स्पीडला गाणं ऐकून बघा, म्हणजे मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

नोटेशन सॉफ्टवेअरमधे हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे आवाज आधीपासून रेकॉर्ड झालेला नसतो. तिथे फक्त लिहिलेलं असतं, हा स्वर, एवढ्या मात्रा, आणि वाजवताना प्रोग्रॅम तो स्वर त्या लयीत नव्यानं वाजवतो. त्यामुळे लय निम्मी केली तरी स्वर उतरत नाही, आणि प्रत्येक स्वराची सुरुवात स्वच्छ ऐकू येते. पहिल्यांदा मी आमच्या खालच्या आवाजाची ओळ साठ टक्के लयीत वाजवली तेव्हा त्यातला एक कोमल निषाद आम्ही इतके महिने शुद्ध लावत होतो हे कळलं. मूळ लयीत तो निसटून जात होता आणि कोणालाच जाणवत नव्हता.

म्युझस्कोअर फुकट आहे. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, जीपीएल नावाच्या लायसन्सखाली, वेर्नर श्वीअर यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट, आणि २०२२ च्या डिसेंबरमधे चौथं व्हर्जन आलं तेव्हापासून प्लेबॅक पूर्ण बदललाय. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. एक गोंधळ मात्र आधीच दूर करते, कारण आमच्या ग्रुपमधे तीन जणींचा झाला: कॉम्प्युटरवरचं म्युझस्कोअर स्टुडिओ वेगळं, आणि म्युझस्कोअर डॉट कॉम ही वेबसाइट व तिचं मोबाइल अ‍ॅप वेगळं. तिथे बऱ्याच गोष्टींना सबस्क्रिप्शन लागतं. मी लिहितेय ते कॉम्प्युटरवरच्या फुकट वाल्याबद्दल.

आता मुद्दा. म्युझस्कोअरमधे लय दोन ठिकाणी असते, आणि ही दोन ठिकाणं वेगळी आहेत हे ज्याला कळलं त्याचं ऐंशी टक्के काम झालं असं मी ग्रुपमधे सगळ्यांना सांगते.

एक ठिकाण म्हणजे कागद, म्हणजे स्कोअरवर लिहिलेली लय. पहिला स्वर सिलेक्ट करून ऑल्ट शिफ्ट टी दाबा, नाहीतर डावीकडच्या टेम्पोच्या पॅलेटमधून चिन्ह उचला, स्वराचं चिन्ह बरोबर अमुक आकडा, म्हणजे मिनिटाला तसे किती स्वर, असं वर येतं, आकड्यावर डबल क्लिक करून हवा तो लिहा, झालं. ही गाण्याची लय. फाइल कोणालाही पाठवा, कोणाच्याही कॉम्प्युटरवर उघडा, ती त्याच लयीत वाजणार, कारण ती गाण्याचा भाग आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे वर उजवीकडची प्लेबॅकची पट्टी. तिथे चालू लयीचा आकडा दिसतो, त्यावर क्लिक केलं की एक स्लायडर उघडतो, तो टक्केवारीत चालतो. शंभर म्हणजे कागदावर जे लिहिलंय ते, साठ म्हणजे त्याच्या साठ टक्के. हे फक्त ऐकण्यासाठी. कागदावरचा आकडा तसाच राहतो. आणि स्लायडर गाणं चालू असतानाच हलवता येतो, थांबवावं लागत नाही, म्हणजे तालमीत माझ्या डाव्या हाताला लॅपटॉप, समोर सगळ्या जणी, अवघड जागा आली की मी साठवर आणते, जमलं की सत्तर, ऐंशी, आणि त्यांचं लक्षही नसतं की लय कधी चढली.

मी स्वतःपुरता एक नियम केलाय आणि तो पाळते: तालमीत स्लायडर, फाइल करताना कागद. मोबाइलवर पाठवायची फाइल काढायची असेल तेव्हा आधी स्लायडर शंभरवर नेते, मग हवा तो आकडा कागदावरच लिहिते, एकदा ऐकते, आणि मग एक्सपोर्ट. फाइलच्या नावातही आकडा घालते, मधला_३९, मधला_५२ असं, म्हणजे कोण कुठल्या लयीवर पोचलंय ते विचारायला सोपं जातं. हल्ली आमच्या काकूच तालमीला आल्या आल्या सांगतात, "अगं मी अजून एकोणचाळीसवरच आहे हं, मला घाई करू नकोस." वय त्र्याहत्तर. सगळ्यात पक्कं पाठांतर त्यांचंच असतं.

आता एक चूक जी फार जणांच्या हातून होते, आणि जिच्यामुळे लोक वैतागून सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. आम्ही गेल्या वर्षी जात्यावरच्या ओव्या तीन आवाजांत बसवल्या. दादऱ्याच्या अंगानं जाणारी चाल, म्हणून मी सिक्स-एटमधे लिहिली, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या एका घरात, ज्याला बार म्हणतात, सहा मात्रा, असे चौसष्ट बार. मनात लय होती बावन्नची, म्हणजे बारमधे दोन ठोके, धा धी ना, धा ती ना, प्रत्येक तीन मात्रांच्या गटाला एक ठोका, आणि असे मिनिटाला बावन्न. मी पॅलेटमधून सरळ पहिलं दिसलं ते "साधं क्रोचेट बरोबर" असं चिन्ह उचललं (क्रोचेट म्हणजे इथे दोन मात्रांचा स्वर, टिंब लावलं की तीन मात्रांचा) आणि ५२ लिहिलं, आणि प्ले केल्यावर ओवी इतकी रटाळ वाजली की मला वाटलं कॉम्प्युटरच हँग झालाय. झालं असं होतं की सिक्स-एटच्या एका बारमधे साधे क्रोचेट तीन बसतात आणि टिंब असलेले, म्हणजे डॉटेड क्रोचेट, दोन बसतात. साध्याला ५२ दिलं तर चौसष्ट बारांना ३ मिनिटं ४१ सेकंद लागतात, टिंबवाल्याला ५२ दिलं तर २ मिनिटं २८ सेकंद. आणि काहीच लिहिलं नाही तर म्युझस्कोअर स्वतःहून मिनिटाला १२० साधे क्रोचेट धरतं, त्यात तीच ओवी १ मिनिट ३६ सेकंदांत संपते, जातं नाही मिक्सर वाटावा अशी. तेव्हा आकड्याइतकंच, किंबहुना आकड्याआधी, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे कुठला स्वर आहे ते बघा. दादरा लिहिणार असाल तर टिंबवालाच घ्या. केरवा फोर-फोरमधे, म्हणजे एका बारमधे चार साधे क्रोचेट, असा लिहिणार असाल तर साधा.

(हे चिन्ह बरोबर आकडा प्रकरण जुनं आहे. मेल्झेलनं १८१५ मधे मेट्रोनोमचं, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं आणि बेथोव्हेननं १८१७ मधे आपल्या सिंफनींचे आकडे छापले, तेव्हापासून पाश्चात्य कागदावर लय अशी मिनिटात मोजून लिहितात. आपल्याकडे विलंबित, मध्य, द्रुत म्हटलं की काम भागतं कारण समोर तबलजी बसलेला असतो आणि लय त्याच्याकडे बघून दिली जाते. पण सतरा जणी सतरा लोकलमधे बसून पाठ करणार असतील तर मध्य लय म्हणजे नक्की किती हे कोणीतरी एकदा आकड्यात सांगावंच लागतं.)

अजून एक तसलीच गोष्ट. लयीचे शब्द, आंदान्ते, आलेग्रो वगैरे, पॅलेटमधून टाकले की त्यांच्या मागे एक ठरलेला आकडा येतो आणि प्लेबॅक त्याप्रमाणे चालतो. पण तुम्ही हेच शब्द साध्या स्टाफ टेक्स्टमधे, म्हणजे रेघांवर टाकायच्या साध्या मजकुरात, टाइप केलेत तर ती नुसती अक्षरं, त्यांनी वाजण्यात काही फरक पडत नाही. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, म्हणून चूक सापडत नाही. मी टेम्पोच्या जागी मराठीत "संथ" लिहिते, म्हणजे टेम्पो टेक्स्ट घेऊन त्यातली अक्षरं बदलते, आणि मग उजवीकडे प्रॉपर्टीजमधे जाऊन लिहिलेली लय बाजूला ठेवून स्वतःचा आकडा देण्याचा जो पर्याय आहे तो टिक करून तिथे आकडा भरते. छापल्यावर दिसतं फक्त "संथ", वाजतं माझ्या आकड्यानं. मला हे फार आवडतं, कारण आमच्या निम्म्या जणींना इटालियन शब्दाचा काही उपयोग नाही.

देवनागरीचं विचाराल तर गाण्याचे शब्द मराठीत व्यवस्थित टाकता येतात, कंट्रोल एल दाबून, फॉन्ट देवनागरीचा निवडा म्हणजे झालं. शब्दांच्या खाली दुसरी ओळ म्हणून मी सा रे ग म लिहिते, स्टाफ, म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या पाच रेघा, वाचता न येणाऱ्या जणींसाठी. काही जणी म्हणतात आपली भातखंडे लिपी असताना हे पाच रेघांचं कशाला. एकट्यानं गायचं असेल तर खरंच नको. पण तीन आवाज एकाखाली एक, एकाच क्षणी कोण कुठे आहे हे बघायचं असेल तर या रेघांसारखं दुसरं काही मला माहीत नाही, आणि हे काही आपल्याला परकंही नाही, हिंदी सिनेमाची जी गाणी आपण ऐकत मोठे झालो त्यांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींनी याच रेघांवर लिहिले.

आता हळू लयीच्या तालमीबद्दल जे मला वापरून वापरून कळलं ते, कारण हे कुठल्याच हेल्प पानावर नाही. ओवीत एक ओळ आहे, सहा बारांची, आम्हाला ती एका श्वासात हवी होती. बावन्नच्या लयीत ती चौदा सेकंदांच्या आत संपते, जमते. साठ टक्क्यांवर तीच ओळ तेवीस सेकंदांची होते, आणि तेवीस सेकंद एका श्वासात, शब्द उच्चारत, आमच्यातल्या एकीलाही जमत नाही. मग काय होतं, हळू फाइलवर पाठ करताना प्रत्येक जण आपल्या सोयीनं मधेच कुठेतरी श्वास घेते, तो श्वास पाठ होतो, आणि मूळ लयीत आल्यावर गरज नसताना सगळ्या तिथेच श्वास घेतात, आणि प्रत्येकीची जागा वेगळी. दोन महिने मला कळेना की ही ओळ अशी तुटक का येतेय. म्हणून आता साठ टक्क्यांची फाइल मी फक्त स्वर बसवायला देते, शब्द न म्हणता, आकारात, आणि तीही आठवडाभरच. पाठांतर पंचाहत्तर टक्क्यांपासून पुढे. तिथे ती ओळ साडेअठरा सेकंदांची होते, ओढाताण होते पण जमते, आणि मूळ लयीत आल्यावर उलट श्वास उरतो. सॉफ्टवेअर कितीही हळू वाजवेल, फुप्फुसं तेवढी थांबत नाहीत.

श्वासाचाच दुसरा प्रकार. म्युझस्कोअरमधे स्वल्पविरामासारखं श्वासाचं चिन्ह आहे, ते स्वरावर लावता येतं, पण नुसतं लावलं तर वाजताना काहीच होत नाही. त्याच्या प्रॉपर्टीजमधे पॉज म्हणून सेकंदांचा आकडा असतो, तो शून्य असतो, तिथे मी ०.४ भरलं, आणि त्या क्षणी पूर्ण गाणं श्वास घेऊन पुढे गेलं. खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला. तोपर्यंत जे वाजत होतं ते मशिन होतं, आणि ०.४ सेकंदांनी तिथे कोणीतरी बाई बसून गातेय असं वाटायला लागलं. सुरुवातीच्या आठ बारांत, जिथे तबला नाही, नुसता तानपुरा आणि आवाज, तिथे मी चार ठिकाणी असे श्वास घातले.

मग उत्साहात पुढेही घातले, जिथे ठेका सुरू होतो तिथे, आणि पहिल्या तालमीला आमचे तबलावाले दादा चौथ्या आवर्तनाला थांबले आणि म्हणाले, "ताई, तुमची सम सरकतेय." सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. अगदी बरोबर. पॉज सगळ्या गाण्याला थांबवतो, तालालाही, म्हणजे दर श्वासाला ०.४ सेकंद आवर्तन लांबतं. पाश्चात्य कोरसमधे कंडक्टर हात धरून ठेवतो तेव्हा सगळे थांबतात, तिथे ते शोभतं. आपल्याकडे ताल कोणासाठी थांबत नाही, गाणाऱ्यानं श्वास स्वतःच्या स्वरातून चोरायचा असतो. तेव्हा ठेक्याच्या भागातले सगळे पॉज मी काढून टाकले आणि त्याऐवजी श्वासाच्या आधीचा स्वर आखूड करून मागे छोटा विराम लिहिला, म्हणजे तीन मात्रांचा स्वर अडीच मात्रांचा आणि अर्धी मात्रा रिकामी. ताल जागेवर, श्वासही मिळाला. माझ्या मते आपली तालातली गाणी लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी, मला कोणी आधी सांगितली असती तर दादांचे तीन शनिवार वाचले असते.

तबला नसताना लय कळावी म्हणून मेट्रोनोमचं बटण आहेच, काउंट-इन पण आहे, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी ठोके मिळतात. पण मी मेट्रोनोम फारसा वापरत नाही. सगळ्यात खाली टेम्पल ब्लॉकची, म्हणजे टक् टक् वाजणाऱ्या लाकडी ठोकळ्यांची, एक ओळ लिहिते, पहिल्या मात्रेला खालचा टोला, चौथ्या मात्रेला वरचा, म्हणजे सम आणि तालातली खाली (काल) कानाला वेगवेगळी ऐकू येतात. ही ओळ स्कोअरचाच भाग असल्यामुळे लय बदलली की तीही बदलते, आणि नको तेव्हा मिक्सरमधे, एफ दहा दाबून, बंद करता येते.

चौथ्या व्हर्जनमधली ज्या गोष्टीसाठी मी अपग्रेड केलं ती म्हणजे हळूहळू बदलणारी लय. आधीच्या व्हर्जनमधे रिटार्डांडो (थोडक्यात रिट., म्हणजे लय हळूहळू उतरवा) हे कागदावरचे नुसते शब्द होते. शेवट हळू करायचा असेल तर प्रत्येक मात्रेवर वेगळा टेम्पो लिहायचा, ५०, ४७, ४३, ३८, आणि मग सगळे व्ही दाबून लपवायचे, म्हणजे छापताना दिसत नाहीत पण वाजतात. मी असं केलेलं आहे आणि ते जिन्यावरून उतरल्यासारखं वाजतं. आता टेम्पोच्या पॅलेटमधे रिट. ची रेघ मिळते, शेवटचे दोन बार सिलेक्ट करा, रेघेवर क्लिक करा, बस. प्रॉपर्टीजमधे लय किती टक्क्यांवर उतरवायची ते सांगता येतं आणि कशी उतरवायची तेही, म्हणजे सुरुवातीला हळूच आणि शेवटी एकदम, की सरळ उतार. ओवीच्या शेवटी मी सत्तर टक्के ठेवलंय, उतार शेवटाकडे जास्त. जातं थांबतं ना, हात सुटल्यावर ते लगेच थांबत नाही, आपल्याच वजनानं दोन फेरे घेतं आणि मग शेवटचा अर्धा फेरा अगदी जड होतो, मला तसं हवं होतं, आणि ते दोन आकड्यांत मिळालं. शेवटच्या स्वरावर फर्माता, म्हणजे स्वर धरून ठेवायचं चिन्ह, लावला, त्याच्या प्रॉपर्टीजमधे स्वर किती पट लांबवायचा ते देता येतं. मधेच कुठे लय उतरवून परत मूळ लयीत यायचं असेल तर रेघ संपते तिथे आ टेम्पो ठेवते.

इथेही तालाचं भान ठेवावं लागतं. शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, असेल तर रिट. लावू नका, तिहाईचा हिशेब सरळ लयीतच कानाला लागतो. आमच्या एका गाण्यात मी तिहाईच्या आधीच लय किंचित उतरवून तिथेच नवा आकडा पक्का केला आणि तिहाई त्या उतरलेल्या पण सरळ लयीत घेतली. ते छान झालं.

लूपबद्दल थोडक्यात: अवघड बार सिलेक्ट करायचे, लूपचं बटण दाबायचं, तेवढाच तुकडा फिरत राहतो, आणि फिरत असताना स्लायडर चढवायचा. घरी एकटीनं रियाज करताना याच्याइतकं उपयोगी काही नाही. सतरावा आणि अठरावा बार, जिथे मधला आवाज वरच्याला छेद देऊन जातो, तो मी एका रविवारी दुपारी बहुतेक दोनशे वेळा ऐकला असेन.

आवाजाचा दर्जा, म्हणजे जे वाजतं ते कसं वाजतं: म्युझ साउंड्स म्हणून वेगळे आवाज डाउनलोड करावे लागतात, तेही फुकट, त्यात कोरसचे आवाज आहेत, शब्द म्हणत नाहीत, आ आणि ऊ म्हणतात. डाउनलोड खूप मोठं आहे, म्हणून घरच्या वायफायवर रात्री लावून ठेवा, मोबाइलच्या डेटावर अजिबात करू नका. पण लय बसवायच्या कामाला मी मुद्दाम पियानोचाच आवाज ठेवते. कोरसचा आवाज सुंदर आहे, पण त्याचा स्वर फुलायला क्षणभर लागतो, आणि हळू लयीत जिला स्वराची नेमकी सुरुवात ऐकायचीय तिला पियानोचा टक् असा ठोकाच बरा. कोरसवाली फाइल शेवटच्या आठवड्यात देते, मन भरावं म्हणून.

एक गोष्ट मला मनापासून हवीय. सिबेलियस या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमधे लाइव्ह टेम्पो आहे, बटणावर ठोके देत गेलात की गाणं तुमच्या हाताप्रमाणे चालतं आणि ते लक्षात ठेवतं. फिनाले या तशाच सॉफ्टवेअरमधेही ठोके देऊन लय नोंदवायची सोय होती, पण फिनालेच्या कंपनीनं २०२४ च्या ऑगस्टमधे ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्युझस्कोअरमधे तशी सोय यायला हवी असं मला फार वाटतं. ओवी सुरू होण्याआधीचा तो आठ बारांचा भाग मी आकड्यांनी बसवला खरा, पण आमच्या त्र्याहत्तर वर्षांच्या काकू तो म्हणतात तेव्हा लय जशी मागेपुढे होते, शब्दाच्या वजनानं, ती मला टक्क्यांत मांडता आलेली नाही. ठोके देता आले असते तर त्यांच्याच हातानं दिले असते.

पैसे भरून मोठं सॉफ्टवेअर घ्यावं का असं कोणी विचारलं तर आमच्यासारख्या ग्रुपला मी नाही म्हणेन. सिबेलियसचं फुकट व्हर्जन चार वाद्यांपर्यंत चालतं, तीन आवाज आणि टेम्पल ब्लॉक म्हटलं की तिथेच चार झाले, तानपुरा कुठे लिहू? म्युझस्कोअरमधे अशी मर्यादा नाही. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंना, चर्चच्या कोरसवाल्यांना, कोणालाही डोळे मिटून सांगेन की घ्या. फक्त पहिल्या दिवशी गाणं लिहायला बसू नका, पहिल्या दिवशी चार बारांची सा रे ग म लिहा आणि तासभर फक्त लयीशी खेळा, कागदावर आकडा बदला, स्लायडर हलवा, टिंबवाला आणि साधा दोन्ही लावून बघा, रिट. ओढून बघा.

आत्ता आमचं संक्रांतीच्या कार्यक्रमाचं गाणं चालू आहे, फोर-फोर, लय ८४, आणि वरच्या आवाजाला पाचव्या ओळीत पंचमावरून तार षड्जाला उडी आहे, ती पंचाहत्तर टक्क्यांवर म्हणजे त्रेसष्टला जमते आणि सत्तरला सुटते. म्हणून आज रात्री अडुसष्टची एक वेगळी फाइल काढतेय, तेवढ्या आठच बारांची, सकाळच्या सात बावीसच्या लोकलआधी ग्रुपवर पडेल.